धाकटीची बालवाडी

गेल्या रविवारी डोंबिवलीहून बहिणीचा फोन आला. तिच्या धाकटीला येत्या जूनपासून शाळेत घालायचंय. थोरला ज्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत आहे, तिथे नर्सरीचे फॉर्म निघालेत. भावंडांना प्राधान्य आहे, पण फॉर्म याच महिन्यात भरायचा. नर्सरीला घेतलं नाही तर पुढे पहिलीला जागा मिळेलच असं नाही, हेही ऑफिसातून ऐकवलंय. दुसरीकडे तिच्याच गल्लीत एका इमारतीच्या तळमजल्यावर मराठी बालवाडी आहे. वीस-बावीस मुलं, दोन ताई, एक मावशी. धाकटी येता-जाता त्या बालवाडीच्या खिडकीशी थांबते आणि ओढून नेल्याशिवाय हलत नाही. "ताई, तू तिकडे बर्लिनला राहून दोन्हीकडचं बघितलंयस. मी काय करू?"

घरच्या ग्रुपवर एव्हाना निकाल लागला होता. दोघं एकाच शाळेत म्हणजे एकच रिक्षा, एकाच दिवशी पालकसभा, दादाचा युनिफॉर्म धाकटीला. यातली एकही गोष्ट खोटी नाही. नोकरी करणाऱ्या बाईची सकाळ कशी जाते ते मला माहीत आहे. पण पन्नासेक मेसेज वाचूनही धाकटी कशी आहे, तिला काय आवडतं, कशाची भीती वाटते, हे त्यात कुठेच सापडलं नाही. थोरल्यासाठी जे ठरलं तेच तिच्या वाट्याला आलं.

मूल न बघताच ठरवण्याची हीच चूक मीही करणार होते. माझा थोरला ठाण्यात असताना आम्ही त्याला एका नावाजलेल्या शाळेत घेऊन गेलो होतो. मुलाखत म्हणत नाहीत, इंटरॅक्शन म्हणतात. समोर प्लास्टिकचं सफरचंद धरून बाईंनी रंग विचारला. तो आनंदाने "लाल" म्हणाला. "इन इंग्लिश, बेटा," बाई म्हणाल्या. त्याने माझ्याकडे बघितलं आणि मग तो एक अक्षर बोलला नाही. उत्तर बरोबर होतं, तरी चुकलं होतं. त्या रात्री मी त्याच्याकडून इंग्रजी रंग घोकून घेतले. सहा वर्षं झाली, ते आठवलं की अजून आवंढा येतो.

पुढे आम्ही बर्लिनला आलो. धाकटी इथेच जन्मली आणि दोन वर्षांची झाल्यावर दादाच्याच 'किटा'त, म्हणजे इथल्या बालवाडीत, जायला लागली. भावंड म्हणून तिला लवकर जागा मिळाली हे खरं. पण पहिल्या भेटीत ताईंनी (इथे त्यांना 'एर्त्सीयेरिन' म्हणतात) मला थांबवलं. मी "तिचा दादा असा होता, तसा होता" असं सांगत सुटले होते. त्या शांतपणे म्हणाल्या, तो आम्हाला माहीत आहे, आता हिच्याबद्दल सांगा.

मग सुरू झाली रुळवण्याची पद्धत. पहिले तीन दिवस मी वर्गात एका कोपऱ्यात नुसती बसून होते. निघून जायचं नाही, मध्ये पडायचं नाही. चौथ्या दिवशी तिला सांगून, टाटा करून काही मिनिटं बाहेर. रडून ताईंकडून शांत झाली तर वेळ वाढवायचा, नाही झाली तर पुन्हा कोपऱ्यात. आमचे चार आठवडे गेले. मला सुट्ट्या काढाव्या लागल्या, जीव मेटाकुटीला आला. पण गुपचूप सटकण्याची वेळ एकदाही आली नाही.

ताईंनी माझ्याकडून मराठी शब्दांची चिठ्ठीही मागून घेतली होती. पाणी, भूक, झोप, दुखतंय. ती तिच्या खुंटीपाशी डकवली. खुंटीवर नावाऐवजी फुलपाखराचं चित्र, खाली चिखलात खेळायची रबरी पँट. तरी एक शब्द माझ्याकडून राहिला. दुसऱ्या आठवड्यात ती "शू, शू" करत ताईंकडे गेली आणि ताईंनी तिचे बूट आणले. जर्मनमध्ये 'शू' म्हणजे बूट! पँट ओली झाली, ती रडली. संध्याकाळी मी घ्यायला गेले, तर चिठ्ठीत तो शब्द ताईंनी स्वतःच्या हाताने लिहिलेला होता आणि उच्चार बरोबर आहे ना, हे त्या मला विचारत होत्या. घरी मराठीच बोला, जर्मन आम्ही बघतो, असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. ठाण्यातल्या शाळेने मला घरी इंग्रजी बोलायला सांगितलं होतं.

इथे सगळं गोडगोड आहे असं नाही. १ ऑगस्ट २०१३ पासून जर्मनीत वर्षाच्या पुढच्या प्रत्येक मुलाला बालवाडीत जागा मिळण्याचा कायदेशीर हक्क आहे, तरी जागेसाठी आईबाप दारोदार फिरतात. बर्लिनमध्ये २०१८ पासून फी नाही, फक्त जेवणाचे थोडे पैसे. पण ताईच पुरेशा नाहीत. २०२४ मध्ये बर्लिनच्या सरकारी किटांमधल्या ताई पुन्हा पुन्हा संपावर गेल्या. एकेकीच्या अंगावर इतकी मुलं नकोत, हे त्यांचं म्हणणं होतं. त्याच्या काही महिने आधी, डिसेंबर २०२३ पासून, महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी पन्नासेक दिवस संप केला होता. त्यांना मानधनाऐवजी धड पगार हवा होता, ग्रॅच्युइटी हवी होती. इथे मुलाला नीट वेळ देता यावा म्हणून भांडण, तिथे स्वतःचं घर चालावं म्हणून. या दोन संपांमधलं अंतर मला सगळ्यात जास्त टोचतं. आपल्याकडे बोर्ड कुठलं, माध्यम कुठलं यावर घराघरात वाद होतात; दिवसभर आपल्या लेकराला सांभाळणाऱ्या बाईला किती पगार मिळतो, हे कुणी विचारत नाही.

मी हे बोलले की "तिकडची थेरं इकडे नकोत" असं उत्तर येतं. पण तिकडची कशी? ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला (आताच्या पालघर जिल्ह्यात) आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी बालवाडी चालवली, ती शंखशिंपले, दगड, बिया, पानं घेऊन. मुलं शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच पाड्यावरच्या अंगणात नेली. अंगणवाडी ही कल्पना तिथेच रुजली. आणि आपण ज्याला ज्युनिअर केजी, सिनिअर केजी म्हणतो, त्यातलं 'केजी' म्हणजे किंडरगार्टन, फ्र्योबेल या जर्मन शिक्षणतज्ज्ञाने १८४० मध्ये जर्मनीतल्या बाट ब्लांकेनबुर्ग गावी ठेवलेलं नाव, मुलांची बाग. इथे त्या बागेतली मुलं साधारण सहा वर्षांची होईपर्यंत लिहायला बसत नाहीत. आपण त्याच नावाखाली चार वर्षांच्या मुलाला दोनरेघी वही देतो.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ हा एकच पायाभूत टप्पा मानलाय. खेळ वर दुसरीपर्यंत चढला तर फार चांगलं होईल. पहिलीची वही खाली नर्सरीत उतरली तर फार वाईट, आणि भीती मला याचीच आहे. नर्सरी ही पहिलीच्या जागेची किल्ली झाली, तर आईबाप धाकटीला बघून निर्णय घेणारच कसे? हे सरकारने थांबवायला हवं.

बहिणीला मी सांगितलं ते असं. फॉर्म भरून ठेव, जागेची भीती खोटी नाही. पण पैसे भरण्याआधी दोन्हीकडे सकाळी अकराला जा, मधल्या सुट्टीच्या जरा आधी. शाळा दाखवायला कुणी सोबत येत असेल तर नको म्हण, दाराशी उभी राहा. रडणाऱ्या मुलाजवळ कोण जातं ते बघ. शू कपड्यात झाली तर काय होतं, हे मावशींना विचार, बाईंना नको. मूल मराठीत बोललं तर त्याला मराठीत उत्तर मिळतं का, ते ऐक. आणि माझा कौल विचारशील तर गल्लीतली बालवाडी. पहिलीला अजून तीन वर्षं आहेत, तेव्हा जागेसाठी लागेल तेवढी धावपळ करू. मी सुट्टी काढून येईन.

"आणि रिक्षा?" तिने विचारलं.

बालवाडी चालत दोन मिनिटांवर आहे. आमच्या आईच्या गुडघ्यांनाही जमेल एवढं अंतर. मंगळवारी जाऊन येते म्हणालीये, धाकटीला घेऊन.