हप्त्यावरचा लॅपटॉप आणि पत्र्याची खोली : एका प्रतिक्रियेला उत्तर

दादा, तुमची प्रतिक्रिया तीनदा वाचली. इलेक्ट्रॉनिक संगीत शिकायला लागलेल्या पोरांनी पहिलं सामान काय घ्यावं, यावर मी लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं असं की मी पोरांना थोडक्यात भागवायला शिकवतोय. ५०,००० रुपयांत हे संगीत होत नाही, कर्ज काढून का होईना भारी मशीन, कंडेन्सर माईक आणि मॉनिटर स्पीकर (आवाज जसाच्या तसा ऐकवणारे) घ्यावेत, नाहीतर पुण्या-मुंबईच्या पोरांपुढं आपली पोरं मागंच राहणार. आणि शेवटी तुम्ही लिहिलंत, "ज्या कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी मूकपटासाठी स्वतः कॅमेरा घडवला, तिथं बसून तुम्ही जुन्या लॅपटॉपची भलामण करताय." हे वाक्य मनाला लागलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी तुमचं बरोबर आहे ते. "चालू अवस्थेतला कुठलाही लॅपटॉप चालेल" हे माझं वाक्य चुकीचं होतं. ते मी काढून टाकलंय. संगीताचं काम कॉम्प्युटरला वेगळ्या तऱ्हेनं जड जातं. ४४.१ किलोहर्ट्झवर, म्हणजे आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने (सॅम्पल) घेताना, २५६ सॅम्पलचा बफर (एका वेळी हाताळायचा तुकडा) ठेवला, तर पुढच्या तुकड्याचा सगळा हिशेब त्याला ५.८ मिलिसेकंदांत संपवावा लागतो, आणि तोही दर वेळी. एकदा उशीर झाला की 'टक्' असा आवाज आलाच. एकाच ट्रॅकवर एकापुढं एक लावलेली प्लगइन (आवाज घडवणारी जोड-सॉफ्टवेअरं) पाठोपाठच चालतात. त्यांचं काम प्रोसेसरच्या दहा कोअरमध्ये वाटून देता येत नाही. म्हणून कोअर किती आहेत यापेक्षा एक कोअर किती वेगानं पळतो ते बघायचं. फिरती हार्डडिस्क नको, एसएसडीच हवी. रॅम ८ जीबीच्या खाली नको, १६ मिळाली तर उत्तम. ॲपलचा घ्यायचा असेल तर रॅम घेतानाच ठरवायची, कारण त्यांच्या आताच्या लॅपटॉपमध्ये ती नंतर वाढवता येत नाही.

विंडोजचा जुना लॅपटॉप घेताना आणखी एक करा. दुकानात बसूनच आवाजाच्या कामात मशीन कुठं अडखळतं ते मोजणारं 'लेटन्सीमॉन' नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर अर्धा तास चालवा, आधी वाय-फाय चालू ठेवून, मग बंद करून. आकडा तांबड्यात गेला आणि वाय-फाय बंद केल्यावर खाली आला, तर दोष ड्रायव्हरचा असण्याची शक्यता जास्त, आणि तो बहुतेकदा दुरुस्त होतो. पण अर्ध्या तासात मशीन तापून वेग कमी करायला लागलं, तर ते घेऊ नका. मे महिन्यात ते आणखी छळेल.

इथपर्यंत आपलं एकमत आहे. कर्जाच्या मुद्द्याशी मात्र मी सहमत नाही, आणि ते का, हे मोकळेपणानं सांगतो.

तो लेख लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर एक मुलगा होता. पन्हाळ्याच्या बाजूचा आहे, दर रविवारी एसटीनं माझ्याकडं येतो. घर दहा दिवसांनी येणाऱ्या दुधाच्या बिलावर चालतं, आणि मोठा खर्च उसाचं बिल आल्याशिवाय होत नाही. १,२०,००० रुपयांचा लॅपटॉप २४ हप्त्यांत घेतला, तर व्याज शून्य धरलं तरी महिन्याला ५,००० होतात. त्या घरात ५,००० म्हणजे काय, हे मला माहीत आहे. हप्ता सुरू झाला की पोराला 'यातून पैसे कधी मिळणार' हा प्रश्न रोज ऐकावा लागतो. मग तो शिकायचं सोडून वरातीच्या रिमिक्सच्या मागं लागतो. त्या कामाला मी कमी लेखत नाही. पण शिकण्याची पहिली दोन वर्षं त्यात गेली, तर ती परत मिळत नाहीत.

आता माईक. मंगळवार पेठेत आमच्या माडीवर पत्र्याची खोली होती. पहिल्या मोठ्या कमाईतून मी कंडेन्सर माईक आणला. तेव्हा मला वाटायचं, महाग माईक म्हणजे चांगला आवाज. जुलैचा पाऊस पत्र्यावर बडवत होता, खाली मिक्सर फिरत होता, बोळातनं रिक्षा जात होत्या, आणि माईकनं ते सगळं इमानदारीनं टिपलं. तो बिघडलेला नव्हता. त्याला ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा (माईकच्या वायरीतूनच दिलेली वीज) लागतो आणि बारीकसारीक आवाजही तो पकडतो, हेच तर त्याचं काम. चूक खोली न बघता घेण्याची होती. त्या वर्षीचं माझं एकही रेकॉर्डिंग वापरण्याजोगं नाही. म्हणून पत्र्याच्या घरातल्या पोराला मी साधा डायनॅमिक माईक सांगतो. शुअर कंपनीचा असा माईक एसएम५७ १९६५ सालचा, एसएम५८ १९६६ चा, आणि आजही स्टेजवर आणि स्टुडिओत दोन्ही दिसतात. तोंडापासून चार बोटांवर धरला की घरातला गलका बराच मागं पडतो.

मॉनिटर स्पीकरचंही तसंच. १० फुटी खोलीत समोरासमोरच्या भिंतींमध्ये सुमारे ५६ हर्ट्झला आवाजाची लाट जागच्या जागी उभी राहते. किक ड्रमचा घुमारा नेमका त्याच भागात असतो. एका जागी बसलं तर खर्ज फुगलेला, दोन पावलं सरकलं तर गायब. अशा खोलीत महागडे स्पीकर लावून मिक्स केलेलं गाणं गाडीत लावलं की पार वेगळंच वाजतं. त्यापेक्षा पहिला खर्च चांगल्या हेडफोनवर करावा, हे माझं मत कायम आहे. घरात गलका असेल तर बंद कपांचे घ्या, शांतता असेल तर उघड्या पाठीचे.

त्याच्या पाठोपाठ दोन इनपुटचा इंटरफेस (माईक लॅपटॉपला जोडायची पेटी), स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर (विंडोजवर आवाजाचा उशीर कमी करणारा) असलेला. आवाज हवेत ५.८ मिलिसेकंदांत साधारण २ मीटर जातो. म्हणजे तेवढी लेटन्सी (आवाजाला होणारा उशीर) म्हणजे दोन मीटरवर बसलेल्या तबलजीचा ठेका ऐकण्यासारखं. इनपुट आणि आउटपुट मिळून ती दुपटीच्या थोडी वर जाते, तरी निभतं. ५० मिलिसेकंदांवर गेली की मात्र ताल हातातनं सुटतो. रेकॉर्डिंग २४ बिटवर करा आणि पातळी खाली ठेवा, शिखर उणे १२ डेसिबलच्या आसपास. १९२ किलोहर्ट्झच्या नादी लागू नका. २४ बिट स्टिरिओची एका मिनिटाची फाईल ४८ ला सुमारे १७ एमबी होते, १९२ ला ६९. जुन्या लॅपटॉपला ते ओझं कशाला?

आणि अर्थिंग. जुन्या घरांत ५० हर्ट्झची गुणगुण येते आणि पोरं माईकला दोष देतात. चार्जर काढून बॅटरीवर ऐका. गुणगुण थांबली तर वायरमनला बोलवा. तिसरी पिन तोडून गुणगुण घालवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, जिवावर बेतेल.

आता बाबूरावांबद्दल. कोल्हापुरातल्या खरी कॉर्नरच्या कॅमेरा मानस्तंभापुढनं जाताना मलाही अभिमान वाटतो. पण तो कॅमेरा विकत आणलेला नव्हता, दादा. आनंदराव आणि बाबूराव या पेंटर बंधूंनी ते काम हातात घेतलं. १९१६ मध्ये आनंदराव गेले, आणि पुढं विष्णुपंत दामल्यांना सोबत घेऊन बाबूरावांनी ते तडीस नेलं. त्या यंत्राचा प्रत्येक भाग त्यांच्या ओळखीचा होता. १९६९ मध्ये अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत मूग सिंथेसायझर (विजेवर स्वर घडवणारं वाद्य) आला, तेव्हा तिथल्या लोकांनीही कॉम्प्युटरशिवाय, टेपच्या यंत्रांवर संगीत रचलं. समोरच्या यंत्राची अशी ओळख मला या पोरांकडून हवी आहे.

माझ्या त्या विद्यार्थ्याचा मामा उद्यमनगरात लेथवर आहे. पोरानं मोबाईलवर बीड (ओतीव लोखंड) तासतानाचा आवाज टिपून आणला. वेग निम्म्यावर आणला तसा तो एक सप्तक खाली उतरला आणि आत एक गुणगुणता स्वर सापडला. त्यावर दुधाच्या कॅनच्या झाकणांचा ठेका बसवला. सॉफ्टवेअर रीपर आणि प्युअर डेटा, लॅपटॉप ८ जीबीचा, दुसऱ्या हातचा. ट्रॅक अठरा झाल्यावर मशीन अडखळलं, तेव्हा त्यानं अर्धे ट्रॅक फ्रीझ केले (त्यांचा तयार आवाज साठवून ठेवला) आणि पुढं गेला. कुठला आवाज आता ठरला आणि कुठला अजून बदलायचा, हे त्याला तिथं ठरवावं लागलं. बारा मिनिटांची रचना झालीय. खर्जात घोळ आहे, तो मला हेडफोनवर नीट सापडत नाहीये.

आणि इथं मला तुमची मदत हवी आहे. तुमच्याकडं चांगले मॉनिटर आहेत आणि खोलीही तयार केलेली आहे, असं तुम्हीच लिहिलंय. येत्या रविवारी अकरा वाजता तो माझ्याकडं येईल. तुमची हरकत नसेल तर त्याला घेऊन तुमच्याकडं येतो. तुम्ही ती रचना ऐका, खर्ज कुठं फुगतोय ते त्याला दाखवा, आणि त्यानं पुढचे पैसे कशावर घालावेत ते त्याच्यासमोरच सांगा. मला वेळ कळवा.