भरीत पार्टीतलं पक्षांतर

पुण्यात मला कोणी काही विचारत नाही. ऑफिसात तर मुळीच नाही. अमळनेरच्या स्टेशनावर उतरलो की मात्र मी देशाचा तंत्रज्ञान सल्लागार होतो. मतदान यंत्र, आधार, स्मार्ट मीटर, टॉवरमुळे चिमण्या मेल्या का, एआय आल्यावर कपाशीला भाव मिळेल का, सगळ्यावर माझं मत मागितलं जातं. मागितलं जातं म्हणजे काय, तर जिभाऊंनी आपलं मत आधीच सांगून टाकलेलं असतं आणि मी खाली सही करायची असते.

सहीला ना नाही. पण आमच्याकडे तांत्रिक उत्तरालाही निवडणूक चिन्ह चिकटतं. 'मतदान यंत्राला इंटरनेट नसतं' म्हटलं की मी सत्ताधारी. 'आधार हा नागरिकत्वाचा पुरावा नव्हे' म्हटलं की विरोधक. एका बैठकीत मी जेवढी पक्षांतरं केली आहेत तेवढी महाराष्ट्रातल्या कुठल्या आमदाराला जमली नसतील, आणि त्यांना त्याचं काही मिळतं तरी, असं ऐकून आहे.

वादाची हौस इथली जुनी आहे. अमळनेरला १९१६ साली प्रताप शेठजींनी केवळ तत्त्वज्ञानासाठी एक संस्था काढली. बाकीची गावं जिनिंग-प्रेसिंग काढत असताना आम्ही जग खरं की माया यावर बसलो होतो. काँग्रेसला पहिल्यांदा खेड्यात अधिवेशन भरवावंसं वाटलं, तेव्हा १९३६ च्या डिसेंबरात तीही आमच्याच जिल्ह्यात, फैजपूरला आली. तंत्रज्ञानाच्या बाबतीत तर विचारूच नका. विप्रो ही कंपनी १९४५ साली अमळनेरला वनस्पती तुपाचा कारखाना म्हणून निघाली, ही गोष्ट खरीच आहे. जिभाऊंनी तिचा पुढचा अर्थ स्वतः लावलेला आहे : "कॉम्प्युटरनी सुरुवात आठेच व्हयनी. तूपना डबामा!" ज्यांच्या गावच्या तुपातून कॉम्प्युटर निघाला त्यांना मी पुण्याहून येऊन काय शिकवणार?

हिवाळ्यात हे सगळं शेतात, भरीत पार्टीला होतं. पांढुरकी हिरवी, हातभर जाड वांगी कपाशीच्या काड्यांच्या जाळावर लोळवायची, सालं काढायची, हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात घालून लाकडी मुसळीनं ठेचायची, आणि वर शेंगदाण्यांची फोडणी ओतायची. जळगावच्या या भरिताच्या वांग्याला २०१६ साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं. हा आमच्या घराण्यातला एकमेव सरकारी निर्णय आहे ज्यावर दोन्ही बाजूंचं समाधान झालं.

यंदा गोची अशी झाली की भरिताचं घमेलं जिभाऊंच्या ताब्यात होतं आणि कळण्याच्या पुऱ्यांची टोपली आप्पांच्या. हे दोघे सख्खे चुलतभाऊ. बांध एक, विहीर एक, टीव्हीचं चॅनल वेगळं. मी बसलो दोघांच्या मधोमध, ताट रिकामं घेऊन.

"बापू, तू खरं सांग," जिभाऊंनी पळी हवेतच धरली. "बटन कोठलंबी दाब, मत एकलेच जास. खरं का खोटं?"

"निवडी उनात तवय मशीन चांगलं व्हतं!" आप्पा टोपलीआडून बोलले.

पळी माझ्या ताटावर नेमकी वीतभर उंचीवर होती. भूक लागली होती. तरी मी खरं ते सांगितलं. यंत्राला नेट नाही, ब्लूटूथ नाही. मत दिलं की शेजारच्या पेटीच्या काचेत आपण कुणाला दिलं त्याची चिठ्ठी सात सेकंद दिसते, मग खाली पडते. प्रत्येक विधानसभा मतदारसंघातली पाच केंद्रं सोडत काढून निवडतात आणि तिथल्या चिठ्ठ्या यंत्राच्या आकड्याशी मोजून पाहतात. पळी घमेल्यात परत गेली. आप्पांकडून मात्र पुऱ्या अशा काही पडल्या की ताटाचा काठ दिसेना.

कोरड्या पुऱ्या चावत मी विषय जरा लांब, थेट केरळात न्यायचा प्रयत्न केला. हे यंत्र पहिल्यांदा १९८२ मध्ये तिथल्या परवूर मतदारसंघात वापरलं. तिथे ज्या उमेदवाराचा यंत्राला विरोध होता, जो आधीच हायकोर्टात जाऊन आला होता, तोच यंत्रावर १२३ मतांनी निवडून आला. मग हरलेला सुप्रीम कोर्टात गेला. यंत्र वापरायला कायद्यात तरतूदच नव्हती, म्हणून १९८४ मध्ये कोर्टानं त्या केंद्रांवर कागदी मतदान पुन्हा घ्यायला लावलं, आणि त्यात आधी हरलेला जिंकला. म्हणजे यंत्रावरचा संशय हरणाऱ्याकडे जातो ही रीत यंत्राच्या पहिल्या दिवसापासूनची आहे.

यावर दोघंही गप्प झाले. प्रत्येकाला वाटलं, हा दुसऱ्याला बोलला. त्या आनंदात जिभाऊंनी अर्धी पळी भरीत वाढलं.

तेवढ्यावर थांबायला हवं होतं, पण विचारल्याचं पूर्ण उत्तर द्यायची मला खोड आहे. मी म्हटलं, २०२४ च्या एप्रिलमध्ये सुप्रीम कोर्टानं सगळ्या चिठ्ठ्या मोजायला नकार दिला, हे आप्पांच्या बाजूचं. पण त्याच निकालात दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला, खर्च भरून, पाच टक्के यंत्रांची चिप तपासून मागता येईल असंही म्हटलं. जिभाऊंनी उरलेली अर्धी पळी घातली आणि आप्पांनी माझ्या ताटातल्या वरच्या पुऱ्या उचलून शेजारच्या जवाईबापूंना दिल्या. वाढलेलं परत घेण्याची रीत आमच्यात नाही. पण राजकारणात रीत कोण पाळतो?

आधारच्या वेळी उलटं झालं. आपल्याच खानदेशातल्या, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत २९ सप्टेंबर २०१० ला देशातलं पहिलं आधार दिलं गेलं, हे सांगताच जिभाऊ खूश, कारण तेव्हाचं सरकार त्यांचं. मग २०१८ च्या निकालात कोर्टानं योजना कायम ठेवली म्हणून आप्पा खूश, पण बँक खात्याला आणि सिमकार्डाला सक्ती नको म्हटलं म्हणून नाखूश. भरीत, पुरी, भरीत, पुरी. दोन्ही एका घासात माझ्या वाट्याला येईना.

पुतण्या इंजिनीअरिंगला आहे. त्याला वाटलं एआयला पक्ष नाही, तर त्यावर बोलावं. तो सांगू लागला की हे काही फार गूढ नाही, मशीननं अब्जावधी वाक्यं वाचलेली असतात आणि ते पुढचा शब्द कोणता येईल याचा अंदाज बांधत जातं. माहिती असो-नसो, उत्तर ठासून देतं.

"म्हंजे आपला आप्पाच शे तो!" जिभाऊ म्हणाले. मी गेल्या काही वर्षांत वाचलेल्या एआयवरच्या सगळ्या लेखांत एवढी नेमकी व्याख्या सापडलेली नाही.

कधी कधी वाटतं, या प्रश्नांना उत्तरंच देऊ नयेत. 'मला माहीत नाही' म्हणावं आणि जेवावं. तसं करवत नाही. १ जुलै २०१८ ला आमच्या शेजारच्या धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात भिक्षा मागून पोट भरणाऱ्या पाच माणसांना जमावानं ठेचून मारलं. मुलं पळवणारी टोळी आली आहे, असा मेसेज मोबाईलवर फिरत होता. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एकावेळी पाचच ठिकाणी मेसेज पुढे पाठवण्याची मर्यादा आणली. त्या दिवसांत आमच्या घरीही तो मेसेज आला होता आणि मोठ्या मायनं मला पुण्याला फोन करून विचारलं होतं, "खरं शे का रे भाऊ?" एवढं विचारणारी माणसं असतील तर मी कोरड्या पुऱ्या खायला तयार आहे.

मोठी माय बांधावर बसून हे सगळं ऐकत होती. ती उठली, घमेलं जिभाऊंच्या पुढून ओढलं, टोपली आप्पांच्या पुढून, आणि माझ्या ताटात दोन्ही वाढलं. तिच्यापुढे कोणी काही बोललं नाही. मग पदराच्या गाठीतून घडी घातलेला कागद काढला. मोठे बाबा गिरणीत होते. त्यांच्यामागे तिला पेन्शन आहे, ईपीएस-९५ ची, म्हणजे पीएफवाल्यांची. वर्षातून एकदा जिवंत असल्याचा दाखला द्यावा लागतो आणि जन्मभर कपाशी वेचून, जातं ओढून बोटांच्या रेघाच गेल्यात. यंत्र अंगठा घेत नाही.

"मी शे, आसं मशीन मानतच नही," ती म्हणाली.

या विषयावर जिभाऊंना मत नव्हतं. आप्पांनाही नव्हतं. हा दाखला आता चेहऱ्यावरूनही काढता येतो, तर मी ॲप उघडलं. लगेच दोघांना मत आलं. एक म्हणे उजेडाकडे तोंड कर, दुसरा म्हणे सावलीत बस. पदर खाली घे, चष्मा काढ, हसू नको. जवाईबापूंनी मागे पांढरं उपरणं धरलं. ॲप म्हणत होतं पापणी मिटा. आप्पांनी मिटली, जिभाऊंनी मिटली, पुतण्यानं मिटली. मोठी माय कॅमेऱ्याकडे अशी टक लावून बघत होती जशी कलेक्टरकडे बघावं. शेवटी धूर डोळ्यांत गेला म्हणून तिची पापणी लवली आणि स्क्रीनवर हिरवी खूण आली. ती जिवंत आहे हे शासनानं मान्य केलं.

"आते पेन्शन वाढी का?" तिनं विचारलं.

२०१४ पासून किमान पेन्शन महिना हजार रुपये आहे. मी ताटावरून मान वर करायच्या आत जिभाऊ आणि आप्पा एकदमच म्हणाले, "नही."