थंड पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करू नका

हर्णै बंदरात तांडेल, म्हणजे मासेमारी नौकेचा प्रमुख, असलेल्या माझ्या मावसभावाने परवा एक संदेश पुढे पाठवला आणि खाली विचारले, “दादा, व्हॉल्व्ह अर्धा बंद करून बघू का?” त्या प्रश्नामुळे हे तातडीने लिहीत आहे. संदेश म्हणतो की नौकेचे इंजिन दोन तृतीयांश डिझेल वाया घालवते आणि कंपन्या ते लपवतात. इंजिन थंड ठेवणारे समुद्राचे पाणी व्हॉल्व्हमधून कमी सोडले, की ती उष्णता कामी येते, आणि पाण्यापासून वायू बनवणारे यंत्र जोडले, की कार्यक्षमता ९० टक्के होते.

यातला पाण्याचा सल्ला सर्वांत घातक आहे. सिलिंडरमधला वायू क्षणभर २,००० अंश सेल्सिअसच्या आसपास तापतो, तर अ‍ॅल्युमिनियमचा पिस्टन ६०० अंशांच्या आसपासच वितळू लागतो. तरी तो टिकतो, कारण तेल आणि पाणी उष्णता सतत बाहेर नेतात. पाणी तोडले, की पिस्टन फुगून लायनरला (सिलिंडरच्या आतल्या नळीला) धरतो, गॅसकेट (सांध्यातली गळती रोखणारी चकती) जाते, आणि वाचलेली बरीचशी उष्णता काम न करता धुराबरोबर निघून जाते. इंजिन सुरू होताच नौकेच्या कडेने पाण्याची धार पडते की नाही, हे तांडेल वाकून पाहतो आणि तिच्यात हात धरून ती किती गरम आहे तेही अजमावतो. ती धार बारीक करायला सांगणे म्हणजे भर समुद्रात खलाशांचा जीव टांगणीला लावणे आहे.

दोन तृतीयांश उष्णता वाया जाते, हे मात्र बहुतांशी खरे आहे, पण त्यात लपवलेले काही नाही. इंजिनाची कमाल मर्यादा गरम आणि थंड बाजूंच्या तापमानांवरच ठरते, हे सादी कार्नो या फ्रेंच अभियंत्याने १८२४ मध्येच मांडले. आपला समुद्र ३० अंशांचा धरला, तर ९० टक्क्यांसाठी सगळी उष्णता सुमारे २,७५० अंशांवर मिळावी लागेल, तीही घर्षण शून्य मानून. मोठ्या मालवाहू जहाजांची अवाढव्य इंजिनेसुद्धा ५० टक्क्यांच्या थोडी वर थांबतात.

वायूच्या यंत्राला लागणारी वीज डिझेल जाळूनच तयार होते आणि पाणी फोडायला लागलेल्या ऊर्जेहून जास्त ऊर्जा तो वायू जळून परत देत नाही, त्यामुळे त्यात तोटाच आहे.

मावसभावाला मी कळवले: व्हॉल्व्ह पूर्ण उघडा ठेव, गाळणीत प्लास्टिक अडकले आहे का ते पाहा, आणि डिझेल वाचवायचेच असेल तर तळाला चिकटलेले शिंपले खरवडून काढ.