चॅस्टेनने भिंतीला गाडी घासली म्हणून घाटात तुम्ही घासू नका

"घाटात ब्रेक फेल झाले तर घाबरू नका. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा आणि गाडी कठड्याला घासत न्या, वळण आपोआप पार होतं. अमेरिकेत एका ड्रायव्हरने व्हिडिओ गेममधली हीच युक्ती वापरून शेवटच्या लॅपला रेस जिंकली. नंतर त्याच्यावर बंदी आली. तसंही त्या रेसमध्ये फक्त डावीकडे वळायचं असतं, ब्रेक लागतच नाहीत." या मजकुराखाली भिंतीला घासत सुसाट जाणाऱ्या गाडीची क्लिप. माझ्या भाच्याने हे कौतुकाने घरच्या ग्रुपवर टाकलं. त्याचं लायसन्स नवं कोरं आहे आणि पावसाळ्यात मित्रांबरोबर महाबळेश्वरला जायचं ठरतंय, म्हणून गप्प बसवत नाही.

क्लिप खरी आहे. 30 ऑक्टोबर 2022, व्हर्जिनियातला मार्टिन्सव्हिल स्पीडवे, नॅसकार या अमेरिकी मोटार-रेस मालिकेची 500 लॅपची रेस. ट्रॅक अवघा 0.526 मैलांचा, म्हणजे साडेआठशे मीटरही नाही. 800 फुटांचे दोन सरळ पट्टे आणि दोन्ही टोकांना घट्ट वळणं. शेवटच्या लॅपला रॉस चॅस्टेन हा ड्रायव्हर दहावा होता आणि मोसमाच्या विजेतेपदाच्या अंतिम चौघांत जायला त्याला डेनी हॅमलिनपेक्षा दोन गुण कमी पडत होते. मागच्या सरळ पट्ट्यावर त्याने पाचवा गिअर टाकला, पाय उचललाच नाही, आणि तिसऱ्या-चौथ्या वळणात गाडीची उजवी बाजू भिंतीला लावून पाच गाड्या मागे टाकल्या. त्या लॅपची नोंद 18.845 सेकंद. त्याच रेसची पोल, म्हणजे आधीच्या क्वालिफाइंग फेरीत सर्वात वेगवान ठरून मिळणारी सुरुवातीची पहिली जागा, काइल लार्सनने घेतली होती ती 19.709 सेकंदांत, तीही मोकळ्या ट्रॅकवर. क्वालिफाइंगपेक्षा शेवटचा लॅप पाऊण सेकंदाहून जास्त वेगवान! टायरच्या पकडीवर हे होत नाही. वळणात वेग दुप्पट केला की गाडीला बाहेर फेकणारा जोर चौपट होतो, आणि तो सगळा त्या दिवशी भिंतीने पेलला.

आता घाट. भिंतीला गाडी किती वेगाने लागते यापेक्षा किती कोनात लागते, हे आधी बघायचं असतं. ताशी 200 किलोमीटर वेगाने 5 अंशांच्या कोनात भिंतीला लागलात, तर थेट भिंतीच्या दिशेने बसणारा वेग ताशी 17 किलोमीटरच असतो. घाटातल्या हेअरपिनला 80 च्या वेगाने कठडा 45 अंशांत समोर आला, तर तोच आकडा 57 होतो. ते घासणं नसतं, ती टक्कर असते. मार्टिन्सव्हिलची भिंत सरळ पट्ट्याला समांतर सुरू होते आणि हळूहळू वळत जाते. आपल्या घाटांचे कठडे त्यासाठी बांधलेले नाहीत.

शिवाय वळणातली ती भिंत म्हणजे पोलादी नळ्या आणि मागे फोम, पृष्ठभाग सलग आणि गुळगुळीत. तरीही चॅस्टेनने नंतर सांगितलं की चौथ्या वळणातल्या गेटला गाडी अडकू नये एवढंच त्याच्या मनात होतं. एका गेटची त्याला भीती! घाटात दगडी कठड्याला पाणी जायला दर थोड्या अंतरावर खाचा असतात, पत्र्याच्या रेलिंगला टोकं आणि खांब असतात, मध्येच बंद पडलेला ट्रक असतो.

गाडीचंही तेच. नॅसकारच्या 2022 च्या नव्या गाडीची बॉडी कंपोझिटची आहे, ती दबून परत येते. जुन्या गाड्यांचा पत्रा असता तर तो चुरगळून टायरमध्ये घुसण्याची मोठी भीती होती. तुमच्या हॅचबॅकचं पुढचं चाक आधी कठड्याला लागेल. मग टायरॉड (चाक स्टिअरिंगला जोडणारा दांडा) किंवा लोअर आर्म (चाक धरून ठेवणारा भाग) तुटेल आणि स्टिअरिंग हातात असून नसल्यासारखं होईल, नाहीतर टायर कठड्यावर चढून गाडी दरीच्या बाजूला उलटेल. चॅस्टेनभोवती नळ्यांचा पिंजरा होता, डोकं आणि मान जखडून ठेवणारं उपकरण होतं, आणि त्याचे ब्रेक शाबूत होते. त्याला पुढचं वळण घ्यायचंच नव्हतं. घाटात ते लगेच येतं.

एक अर्धसत्य नाइलाजाने मान्य करतो. ब्रेक गेल्यावर अगदी शेवटचा उपाय म्हणून गाडी डोंगराच्या बाजूला घासून थांबवतात. पण ती वेग कमी करून, अगदी तिरक्या कोनात, आणि डोंगराच्या बाजूला; दरीच्या कठड्याला नाही, ॲक्सिलरेटर दाबून तर कधीच नाही. त्याआधी पाय ॲक्सिलरेटरवरून काढा. क्लच दाबून ठेवू नका, न्यूट्रल करू नका, इंजिन बंद करू नका. ब्रेकचं पेडल भराभर पंप करा, एकेक गिअर खाली आणा, ऑटोमॅटिक असेल तर एल (लो) किंवा मॅन्युअल मोडमध्ये. हँडब्रेक बटण दाबून धरून थोडा थोडा ओढा. एकदम ओढलात तर मागची चाकं जाम होऊन गाडी फिरते. हॉर्न आणि दिवे चालू ठेवा. मुळात उतारावर सतत ब्रेकवर पाय ठेवल्याने पॅड तापतात, ब्रेक फ्लुइडमध्ये पाणी मुरलं असेल तर ते उकळतं आणि पेडल तळाला जातं. फ्लुइड साधारण दोन वर्षांनी बदलायचं असतं, आणि ज्या गिअरमध्ये घाट चढलात त्यातच उतरायचं असतं.

"ब्रेक लागतच नाहीत" म्हणणाऱ्याने तर मार्टिन्सव्हिलची रेस पाहिलेलीच नाही. तिथे दर लॅपला दोनदा जोरात ब्रेक, म्हणजे 500 लॅपमध्ये हजार वेळा. डिस्क लालबुंद झालेल्या दिसतात, आणि ती उष्णता रिममध्ये जाऊन टायरची कड वितळल्याने हवा गेल्याची उदाहरणं आहेत.

बाकीचं थोडक्यात. रेस चॅस्टेनने जिंकली नाही, ती क्रिस्टोफर बेलने जिंकली. चॅस्टेन पाचवा आला आणि ब्रॅड केसलोव्स्कीची गाडी वजनात कमी भरून बाद झाल्यावर चौथा ठरला. गेमची गोष्ट खरी आहे, लहानपणी भावाबरोबर गेमक्यूब या व्हिडिओ गेमच्या यंत्रावर खेळल्याचं चॅस्टेनने स्वतः सांगितलं. पण नॅसकारच्याच कार्ल एडवर्ड्सने 2008 मध्ये कॅन्सासच्या ट्रॅकवर तसाच धोका पत्करला होता आणि भिंतीला आपटून तो हरला. चॅस्टेनवर बंदीही आली नाही, त्याचा निकाल कायम राहिला. 31 जानेवारी 2023 ला नॅसकारने एवढंच सांगितलं की नियमावलीत आधीपासून असलेलं सुरक्षेचं कलम 10.5.2.6.A यापुढे अशा चालीला लावलं जाईल आणि वेळेचा दंड होईल. तो झालाही: नोव्हेंबर 2024 मध्ये याच ट्रॅकवर शेवटच्या लॅपला भिंतीला घासत गेल्याबद्दल क्रिस्टोफर बेलला 22 व्या क्रमांकावर टाकलं, आणि अंतिम चौघांतली त्याची जागा विल्यम बायरनला मिळाली.