चिल्लर

लंडनचा शेवटचा दिवस. विमान रात्रीचं. बॅगा हाऊन्स्लोला भाच्याच्या घरी, वजनकाट्यावर दोनदा चढवून झालेल्या. पर्समध्ये महिनाभराच्या चिल्लरीचा खुळखुळाट. परत येताना नोटा बदलून मिळतात, नाणी कोणी घेत नाही. भाचा म्हणाला, "मावशी, कॉव्हेंट गार्डनला जाऊन ये, पिकॅडिली लाइन थेट आहे." म्हटलं, चॉकलेटं घेऊन चिल्लर तरी संपेल.

स्टेशनात लिफ्टला गर्दी, म्हणून हे म्हणाले जिन्याने जाऊ. गोल गोल १९३ पायऱ्या! पाटी लावलेली असते हो, पण वाचतंय कोण? वर पोचल्यावर पाच मिनिटं माझ्या तोंडातून शब्द फुटेना. यांनी ती पाच मिनिटं फार सुखात घालवली.

तिथली जुनी मंडई १९७४ मध्ये नदीपलीकडे हलवली. आता त्या इमारतीत दुकानं आहेत आणि खालच्या अंगाला एक चौक. त्या चौकात एक बाई गात होती. जीन्स, कॅनव्हासचे बूट, शेजारी पाण्याची बाटली आणि साथीच्या संगीतापुरता छोटा स्पीकर. स्वतःला माइक नाही. इटालियन भाषेतलं ऑपेराचं गाणं, शब्द एक कळला असेल तर शपथ. पण आवाज वरच्या कठड्यापर्यंत असा चढत होता, की जुन्या नाटकमंडळ्यांत शेवटच्या रांगेपर्यंत पद पोचवायचे म्हणतात ते कसं, हे मला लंडनात कळलं. सुपाचे वाडगे घेतलेला एक वेटर दाराशीच थबकला. लांबवलेला सूर तिने सोडला, तेव्हा तो टेबलाकडे निघाला. आणि बाई पक्की व्यवहारी! गाता गाताच पायाने पैशाची टोपली इंचभर पुढे सरकवली.

रॉयल ऑपेरा हाउस तिथून हाकेच्या अंतरावर. तिथल्या तिकिटांचे दर बघून आम्ही आठवडाभर आधीच नमस्कार केला होता.

भाच्याने नंतर सांगितलं, त्या चौकात उगाच कोणी उभं राहून गाऊ शकत नाही. आधी गाऊन दाखवावं लागतं, मग वेळ ठरवून मिळते. ट्यूबमध्ये, म्हणजे तिथल्या भुयारी रेल्वेतही, गाण्या-वाजवण्याला २००३ पासून परवाने आहेत, उभं राहायला फरशीवर अर्धगोल आखून दिलेले असतात. अर्धगोलात उभा असलेला माणूस कोणाला हात जोडत नाही, मान वर करून वाजवतो.

आपल्याकडे? १९५९ चा भिक्षा प्रतिबंध कायदा काढून बघा. भीक म्हणजे काय, याच्या व्याख्येतच गाणं, नाच, भविष्य सांगणं, खेळ करणं, असल्या 'बहाण्याने' पैसे घेणंही येतं. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये या कायद्यातली भीक मागण्याला गुन्हा ठरवणारी कलमं दिल्लीपुरती रद्द केली. दिल्लीपुरतीच.

पण कायद्याच्या नावाने तरी किती बोटं मोडायची? लोकलमध्ये दोन फरशीचे तुकडे बोटांत धरून ताल देणारी पोरं येतात, तेव्हा खिडकीबाहेर बघणारी मीच असते. त्या तालात एक मात्रा इकडची तिकडे होत नाही. आमच्या आजीच्या दारात पहाटे वासुदेव यायचा. मोरपिसांची टोपी, हातात चिपळ्या. आजी सुपातून धान्य घालायची, तो 'दान पावलं' म्हणत गिरकी घ्यायचा. त्याला भिकारी म्हटलं असतं तर आजीने कानफटात दिली असती. गेल्या वर्षी आमच्या सोसायटीच्या गेटवर वासुदेव आला, वॉचमनने हाकलला. पाटीच आहे तशी. ती पाटी ठरली त्या मीटिंगला मी होते, आणि माझाही हात वर होता.

तर मी टोपलीत सगळी चिल्लर ओतली. मोठा आवाज झाला, मलाच कानकोंडं वाटलं. शेजारी कार्ड टेकवायचं यंत्रही ठेवलेलं होतं म्हणा. बाईने गाता गाता मान लववली.

"किती होते?"

"साडेसहा पौंड असतील."

"म्हणजे सातशेच्या वर!" यांचा गुणाकार तयारच असतो.

मी तरी कुठे मोठी दानशूर? विमानात चालणार नाहीत तेवढे पैसे दिले. चॉकलेटं शेवटी कार्डावरच घेतली.

पुढच्या रविवारी सोसायटीची मीटिंग आहे. 'आयत्या वेळचे विषय' मध्ये मी वासुदेवाचा विषय काढणार आहे. आमच्या विंगमधले जे जे हे वाचत असतील, त्यांनी कृपया वेळेवर यावं, कोरम भरत नाही.