खुलासा : कुत्र्याच्या चाटण्याने मुलांना जंत होतात का?

‘कुत्र्याने चाटलं की मुलांच्या पोटात जंत होतात, शाळेतली जंताची गोळी दिली की झालं,’ असा मेसेज पुण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरतोय. दोन्ही विधानं चूक आहेत.

टोक्सोकारा या गोलकृमीची (कुत्र्या-मांजरांच्या आतड्यातल्या जंताची) अंडी त्यांच्या विष्ठेतून पडतात. ताजी विष्ठा लागण करत नाही; अंड्यात अळी तयार व्हायला साधारण 2 ते 4 आठवडे लागतात. मग ती मातीत महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं टिकतात. म्हणजे खरा धोका चाटण्यात कमी, बागेतल्या वाळूत खेळून न धुतलेल्या हातात जास्त. फिनेलने अंडी मरत नाहीत, उकळत्या पाण्याने मरतात. विष्ठा रोज उचला, वाळू रात्री झाकून ठेवा. (मांजरांना ती शौचासाठी फार आवडते.)

माणसात ही अळी पूर्ण वाढतच नाही. ती यकृत, फुप्फुसं, क्वचित डोळ्यात भटकते. डोळ्यात गेली तर नजर जाऊ शकते, बहुधा एकाच डोळ्याची. ती वाढून अंडी घालत नाही, म्हणून शौचाच्या तपासणीत काही सापडत नाही, रक्ताची एलायझा (प्रतिपिंडं शोधणारी) चाचणी लागते. शाळेतल्या जंताच्या गोळीचा (अल्बेंडाझोल) एकच डोस इथे पुरत नाही. उपचार अनेक दिवसांचा, डॉक्टरांच्या सल्ल्यानेच.

पिल्लांना आईच्या पोटातच लागण होते. त्यामुळे जंतनाशक दुसऱ्या आठवड्यापासून, दर 2 आठवड्यांनी.