कन्सोलवर बाहेरच्यांचे गेम चालत नाहीत, हा दावा खोटा आहे

गोव्यातल्या मराठी व्हॉट्सअॅप गटांवर सध्या एक लांबलचक निरोप फिरत आहे आणि तो आता आमच्या घरच्या गटावरही येऊन पोहोचला आहे. त्याचे म्हणणे असे की, निन्टेंडो, सोनी आणि मायक्रोसॉफ्ट या कन्सोल, म्हणजे टीव्हीवर गेम खेळण्याचे यंत्र, बनवणाऱ्या कंपन्यांच्या स्वतःच्या गेमसमोर बाहेरच्या कंपनीचा गेम कधीच टिकत नाही. टिकू लागलाच तर तो दाबला जातो. उरलेली कमाई या कंपन्या विक्रीवर घेतात त्या कमिशनात जाते. आणि म्हणून आपल्या मुलांनी गेम तयार करण्याचा नाद सोडून वेळीच नोकरी पाहावी. फर्मागुढीला अभियांत्रिकी शिकणाऱ्या माझ्या भाच्याला त्याच्या काकांनी हा निरोप ‘वाच आणि विचार कर’ असे लिहून पाठवला. हा मुलगा रायबंदर-चोडण फेरीबोटीवर एक गेम तयार करत होता. बोट धक्क्याला लागली की कोणती गाडी आधी चढवायची आणि कोणती कडेला उभी करायची हे खेळणाऱ्याने ठरवायचे, कारण क्रम चुकला तर पलीकडे उतरताना मधली स्कूटर अडकते आणि मागचा टेम्पो हॉर्न वाजवू लागतो. निरोप वाचल्यापासून त्याने त्या कामाला हात लावलेला नाही, आणि म्हणूनच हे उत्तर लिहिणे मला भाग पडले.

निरोपातला सर्वांत निराधार मुद्दा पहिलाच आहे. त्याला उत्तर द्यायला एक सरकारी नोंद पुरेशी आहे. जानेवारी 2022 मध्ये मायक्रोसॉफ्टने अॅक्टिव्हिजन ब्लिझार्ड ही गेम बनवणारी कंपनी सुमारे 69 अब्ज डॉलरना विकत घेण्याचे जाहीर केले, तेव्हा ब्राझीलच्या स्पर्धा नियामक संस्थेने या व्यवसायातल्या इतर कंपन्यांचे मत मागवले. सोनीने दिलेले उत्तर सार्वजनिक आहे. ‘गॉड ऑफ वॉर’सारखे गेम ज्या कंपनीच्या स्वतःच्या मालकीचे आहेत, त्या सोनीने तिथे सांगितले की ‘कॉल ऑफ ड्यूटी’च्या तोडीचा दुसरा गेम नाही आणि कोणता कन्सोल घ्यायचा हे ग्राहक त्या गेमकडे पाहून ठरवतात. हा गेम सोनीचा नव्हता, अॅक्टिव्हिजन या बाहेरच्या कंपनीचा होता. तो आपल्या यंत्रावरून जाईल या भीतीने सोनीने ब्रिटन आणि अमेरिकेच्या नियामकांपुढेही हेच गाऱ्हाणे मांडले आणि अखेर जुलै 2023 मध्ये मायक्रोसॉफ्टशी दहा वर्षांचा करार करून तो गेम प्लेस्टेशन या आपल्या कन्सोलवर राखला. बाहेरच्यांचे गेम टिकत नसतील, तर जगातल्या सर्वांत बलाढ्य कन्सोल कंपन्यांपैकी एकीने दीड वर्ष हा खटाटोप कशासाठी केला, याचे उत्तर निरोप लिहिणाऱ्याने द्यावे.

ज्या अॅक्टिव्हिजनवरून हे सगळे झाले, तिचा जन्मच या प्रश्नातून झालेला आहे. 1979 साली अटारी या कन्सोल बनवणाऱ्या कंपनीतल्या चार प्रोग्रामरनी आपल्या गेमवर आपले नाव यावे आणि विक्रीतला वाटा मिळावा अशी मागणी केली, ती फेटाळली गेली, तेव्हा त्यांनी बाहेर पडून अटारीच्याच यंत्रासाठी गेम काढायला सुरुवात केली. अटारीने खटला भरला, पण 1982 मध्ये तडजोड झाली आणि बाहेरच्यांना रॉयल्टी देऊन गेम काढण्याची वाट मोकळी झाली. त्याच वर्षी आलेल्या अॅक्टिव्हिजनच्या ‘पिटफॉल’ या गेमच्या लाखो प्रती खपल्या.

दाबले जाण्याच्या मुद्द्यात जुन्या काळापुरते तथ्य आहे, हे मान्य करावे लागेल. 1980 च्या दशकात निन्टेंडो अमेरिकेत बाहेरच्या कंपनीला वर्षाला पाचच गेम काढू देत असे, आणि कोनामी या गेम कंपनीने त्यातून मार्ग काढण्यासाठी अल्ट्रा या नावाने वेगळी कंपनी उभी केली. आज मात्र मायक्रोसॉफ्ट स्वतःचे गेम सोनीच्या यंत्रावर विकते, तेव्हा तो काळ पुढे करण्यात अर्थ नाही.

निन्टेंडोच्या यंत्रावर निन्टेंडोचेच गेम सर्वाधिक खपतात, हेही खरे आहे. स्विच या तिच्या कन्सोलवर ‘मारिओ कार्ट 8 डिलक्स’च्या मार्च 2025 पर्यंत 6 कोटी 80 लाखांहून अधिक प्रती गेल्या. परंतु ‘स्टारड्यू व्हॅली’ हा शेतीचा गेम एरिक बॅरोन या एकट्या माणसाने तयार केला आणि 2024 च्या अखेरीस त्याच्या एकूण 4 कोटी 10 लाख प्रती खपल्या होत्या, त्यांतल्या 79 लाख स्विचवर. मारिओच्या आकड्याशेजारी 79 लाख लहान दिसतात म्हणून त्याला अपयश म्हणायचे असेल, तर एका माणसाचा खर्च आणि निन्टेंडोचा खर्च यांचीही तुलना करावी लागेल. शिवाय कंपनीचे म्हणून ओळखले जाणारे सगळे गेम तरी घरात कुठे तयार होतात? पोकेमॉनचे मुख्य गेम तयार करणारी गेम फ्रीक ही स्वतंत्र कंपनी आहे. सोनीचा 2018 चा ‘स्पायडर-मॅन’ इन्सोम्नियाक या कंपनीने केला तेव्हा ती सोनीच्या मालकीची नव्हती; सोनीने तिला 2019 मध्ये विकत घेतले.

कमिशन सुमारे 30 टक्के असते आणि ते लहान स्टुडिओला जड जाते, यावर वाद नाही. पण संगणकावरचे गेम विकणारे स्टीम हे ऑनलाइन दुकानसुद्धा मूळ दराने तितकेच घेते. त्यामुळे कन्सोल टाळल्याने तो खर्च वाचत नाही. नवख्या माणसाची खरी लढत मारिओशी नसून, त्याच दुकानात त्याच आठवड्यात आलेल्या त्याच्यासारख्याच इतर शेकडो जणांशी असते. निरोपात याचा उल्लेखही नाही.

राहिला ‘आपल्या मुलांनी’ नाद सोडावा हा, म्हणजे भारतीयांचा मुद्दा. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने ‘राजी’ हा गेम केला. त्रिशूळ हाती घेतलेली एक मुलगी असुरांनी पळवलेल्या आपल्या गोलू या भावाला शोधत निघते आणि तिची कथा दुर्गा आणि विष्णू सांगतात. 2017 मध्ये त्यासाठी लोकांकडून निधी उभारण्याचा प्रयत्न फसला, तरी स्टुडिओने काम सोडले नाही, आणि ऑगस्ट 2020 मध्ये तो गेम सर्वांआधी स्विचवर आला. निन्टेंडो आपल्या देशात स्विच अधिकृतपणे विकतही नाही आणि गोव्यात तो बहुधा आखातातून येणाऱ्या नातेवाइकांच्या बॅगेतून येतो, तरीही त्याच निन्टेंडोने आपल्या कार्यक्रमात हा गेम दाखवला. त्याच वर्षी द गेम अवॉर्ड्स या गेमच्या वार्षिक पुरस्कारांमध्ये पदार्पणाच्या पुरस्कारासाठी त्याला नामांकन मिळाले. सोनीनेही 2023 मध्ये गेम तयार करणाऱ्या भारतीयांना मदत करण्यासाठी इंडिया हीरो प्रोजेक्ट सुरू केला. माझ्या भाच्याच्या काकांनी निदान एवढे पाहून मग तो निरोप पाठवायला हवा होता.